मॅडमच्या बोटांची प्लेट

(लॉन्ड्रीची मागची खोली. मावशी चादरींना इस्त्री करताहेत. कॉलेजच्या लॅबमधल्या मॅडम दारात.)

मॅडम : पावती नाही माझ्याकडे, मावशी. कपडे न्यायला आलेच नाहीये मी.

मावशी : मग जरा बाजूला सरका. वाफ लागेल.

मॅडम : गेल्या वर्षी लॅबमधल्या जंतू वाढवायच्या प्लेटांवर नको ते पिवळे ठिपके उठायचे, आठवतंय?

मावशी : आठवतंय का म्हणजे? त्या ठिपक्यांपायीच तर लॅबमधलं काम गेलं, इथे आले. अकरा वर्षं तुमची काचेची भांडी घासली, उकळली. एक नळी फुटू दिली नाही. आणि शेवटी काय, तर मावशींचे हात घाण!

मॅडम : मीच म्हटलं होतं ते.

मावशी : सगळ्या पोरांदेखत. माझी बोटं प्लेटवर दाबून घेतलीत, आणि दोन दिवसांनी ती प्लेट वर्गभर फिरवलीत. ‘बघा, कुठून येतात जंतू.’

मॅडम : जंतू सगळ्यांच्याच कातडीवर असतात. दरवर्षी शिकवते मी.

मावशी : त्या दिवशी तेवढं विसरलात.

मॅडम : तुमच्या प्लेटवर पांढरे ठिपके होते, मावशी. पिवळा एकही नव्हता.

मावशी : हे आता कळलं?

मॅडम : नाही. तेव्हाच दिसलं होतं. मी न दिसल्यासारखं केलं.

मावशी : ...थांबा, इस्त्री बंद करते. चादर जळायची.

मॅडम : परवा नव्या वर्गात एक मुलगी म्हणाली, आधी तुमची बोटं दाबा. हात धुण्याआधी एक प्लेट, धुतल्यावर एक. आज बघितल्या, तर दोन्हींवर पिवळे. धुतल्यावरच्या प्लेटवर जास्त.

मावशी : साबण लावून जास्त?

मॅडम : चोळल्यावर कातडीतले सुटून वर येतात. प्लेटांमध्ये जंतूंचं खाद्य मीच ओतायचे ना! हवेतले जंतू पडू नयेत म्हणून बर्नर पेटवायचा, तर घाईत तोही पेटवायचे नाही, झाकणं उघडी टाकून फोनवर बोलत बसायचे.

मावशी : ते मी रोज बघायचे.

मॅडम : मग बोलला का नाहीत?

मावशी : भांडी घासणारीने तुम्हाला शिकवायचं? चांगलं ऐकलं असतंत!

मॅडम : मला लाज वाटते, मावशी. तुमच्याकडे बघवत नाही. माफ करा मला.

मावशी : ती गोष्ट माझ्या सुनेच्या कानावर गेली. नातवाला घ्यायला हात पुढे केला की म्हणते, आई, आधी हात धुऊन या. वाईट नाही हो ती. पण वर्ष झालं, रोज म्हणते. मी रोज धुते.

मॅडम : मी येते घरी. त्यांना समजावून सांगते.

मावशी : सुनेचं मी बघेन. तुम्ही त्या पोरांना सांगा.

मॅडम : त्यांना? ती शेवटच्या वर्षाला आहेत आता. सगळ्या कॉलेजभर होईल. तिथे माझं काय राहील?

मावशी : माझं राहिलं तेवढं राहील.

मॅडम : ...बरं. उद्या अकरा वाजता बोलावते सगळ्यांना. तुम्ही याल? तुम्ही शेजारी असलात तर बोलता येईल मला.

मावशी : नाही, मॅडम. माझ्या शेजारी कोणी नव्हतं.