भावाचा नंबर

मी पवनीची. नदीच्या अंगची आमची गल्ली, बाप हमाली करे, माय बिड्या वळे, मले बी तिनंच शिकवलं, हात बसला अन शाळा सुटली. मंग लगन करून लाखनीजवळ देल्ली, तवापासून इथीच. बिड्या इथी बी वळतोच. काय सांगू तुमाले, माहेराले जानं कवा तरी होये, म्हनून पोरानं नागपूरहून फोन आनून देल्ला तं मले वाटलं, मायच घरात येऊन बसली. भाऊ फोन लावे, मायच्या तोंडासमोर धरे, अन म्हातारी आपली फोनच्या मांगं पाहे, लेक कोठी लपली म्हनून. हासू हासू मरो आमी.

मंग भावाले फोनवर कोनाची तरी लग्नपत्रिका आली. आता पत्रिका आली तं कोन उघडत नाही जी? बोलावनं बाजूले सारनारा मानूस आमच्यात नाही. त्यानं उघडली, अन फोन बसल्या जागीच गेला चोरायच्या ताब्यात. त्याच्याच नंबरवरून, त्याच्याच फोटोसंगं मले आलं, ताई, माय दवाखान्यात हाये, पैसे टाक. मी टाकले. कोनतीबी लेक टाकंल. मांगून समजलं, माय तं घरी मस्त बसून हाये.

तवा बचत गटात ब्यांकेच्या एक म्याडम आल्या, चांगल्या होत्या बिचाऱ्या. म्हने, अनोळखी फोन उचलू नका, ओटीपी सख्ख्या भावाले बी सांगू नका, कोनी रडला तरी भुलू नका, आता चोर ओळखीचा आवाज बी काढतेत, घाई करते तो चोरच समजा. मी सारं पाठ केलं. भावाचा तो नंबर पोरानं ब्लॉक करून देल्ला. त्याइच्या घरात फोन तोच एक, म्हनून बोलनं बी बंद पडलं. मी आपली बायायले सांगत फिरो, हे उघडू नको, ते दाबू नको.

उन्हाळ्यात आमी बाया छपरीत बिड्या वळत बसलो होतो. अनोळखी नंबर वाजे, मी कापो. वाजे, कापो. शेवटी उचलला. मानूस रडून राहिला, ताई, माय गेली, लवकर निघ, माती थांबवून ठेवली. मले असा राग आला! पयले दवाखान्यात टाकली, आता मारून बी टाकली? म्हनलं, मुडद्या, तुहीच माय मेली असंल. तो म्हने, हो ताई, माहीच मेली. मी कापला अन तो बी नंबर ब्लॉक. बाया म्हनत, शाबास बाई, असंच पाह्यजे. मी पुन्हा वळाले बसली.

पोराच्या कंपनीत फोन गेटवरच ठेवा लागते. संध्याकाळी सुटला तवा त्यानं लावला, आई, आजी गेली, मामा सकाळपासून लावून राहिला, तू काहून नाही गेली? उन्हाचे दिवस, मयत किती ठेवतीन? माती देऊन झाली होती. माह्या मायचं तोंड मी पाह्यलं नाही. अन भाऊ मले एक शबद बोलला नाही. बोलला असता तं बरं झालं असतं.

म्याडमले इचारलं, माह्यं काय चुकलं? म्हने, काहीच नाही, फक्त फोन कापून ओळखीच्या नंबरवर लावून पाहाचं. म्हनलं, ओळखीचा नंबर तं चोराजवळ होता बाई, मंग कोठी लावू? मंग म्हने, घरच्यायनं एक गुपित शबद ठरवून ठेवावा.

ठेवला. कोनता ते तुमाले नाही सांगत, सांगाचा नसते. आता नवीन नंबरवरून भाऊ फोन लावते, पयले तो शबद बोलते. मी म्हनतो, हो, बोल. चोर नाही हे त्याले बी कळते, मले बी कळते. मंग तो म्हनते, ठेवू का ताई? मी म्हनतो, ठेव बाबा, सुखी राह्य.