टाचणी लावलेलं प्रकरण

तसं नाही बेटा, नुसतं 'काहीतरी डरावनं द्या' म्हटलं आणि दिलं, असं माझ्याकडे चालत नाही. डॉक्टर तरी काही विचारल्याशिवाय गोळी देतो का? बैस. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो — हां, इथे, खिडकीशी, चार वाजेपर्यंत ऊन असतं, मग सगळा नया बाज़ार गारठतो. पिशवी राहू दे खाली, काय काढायचं ते नंतर काढ. आधी सांग, वाचतेस केव्हा? झोपताना, रजाईत? अच्छा. आणि खोलीत अजून कोण असतं? कोणी नाही. घरात? आई, बाबा आणि भाऊ. मोठा की धाकटा? — धाकटा. बरं. मांजर आहे का? हसू नकोस, माझे प्रश्न ठरलेले आहेत. तीस वर्षं झाली मला ह्या वाचनालयात, शालिनीताईनं दिलेलं पुस्तक अर्धवट टाकलं असं म्हणणारा माणूस ग्वाल्हेरच्या अख्ख्या लष्कर भागात सापडायचा नाही. घे, तिळाची गजक घे. मुरारहून आलीस म्हणतेस, एवढ्या थंडीत, तर खा काहीतरी.

हे बघ, हे पहिलं. घाटातला एक डाक बंगला, तिथे रोज एका जास्तीच्या माणसाचा स्वयंपाक करतात, आणि ताट रिकामं होतं. बस, एवढंच. रक्त नाही, किंकाळी नाही, पण तू आठ दिवस घरातली ताटं मोजशील. आता हे उघड, शेवटच्या पानाच्या आत बघ — चिठ्ठी दिसली? पेन्सिलीनं लिहिलेली? वाच. 'जेवून मग वाचावे. घरी पाहुणे असताना नको.' माझंच अक्षर. इथल्या प्रत्येक भुताच्या पुस्तकाला मी अशी चिठ्ठी चिकटवलीय — कोणी वाचावं, कोणी वाचू नये. हे दुसरं, बंद पडलेल्या टेलिफोन एक्स्चेंजचं — 'एकट्याने वाचले तरी चालेल, फोन मात्र दुसऱ्या खोलीत ठेवावा.' आणि हे हिरवं, ह्यावर काय आहे? 'घरी मांजर असेल त्याने वाचू नये.' हां, आता नाही हसलीस! भूत पुस्तकात नसतं बेटा, वाचणाऱ्याच्या घरी असतं. पुस्तक फक्त त्याला हाक मारतं. म्हणून आधी घर विचारायचं.

काय म्हणालीस? हे वाक्य तू वाचलंयस? कुठे? — मोबाईलवर? दाखव. थांब, चष्मा... 'कोहऱ्यात वाचायची दहा पुस्तकं.' हं. 'भूत पुस्तकात नसतं, वाचणाऱ्याच्या घरी असतं' — जसंच्या तसं. 'जेवून मग वाचा, घरी पाहुणे असताना नको' — हेही! आणि खाली नाव कोणाचं? राजलक्ष्मी. अच्छा, म्हणजे तूही तिच्याच यादीवरून आलीस. ह्या महिन्यातली तू सातवी. नाही, तुझ्यावर कशाला रागवू? तुला काय माहीत.

ऐक मग. ही राजलक्ष्मी सहावीत होती तेव्हापासून इथे येते — यायची. तू बसलीस ना, त्याच खिडकीत. आई नोकरीला, घराला कुलूप, म्हणून शाळेतून थेट इथे. माझ्या डब्यातली पोळी खाल्ली तिनं. चिठ्ठी कशी लिहायची, माणसाला काय विचारायचं, सगळं मी शिकवलं, हातचं काही राखून ठेवलं नाही. मला वाटायचं, माझ्यामागे ही हे सगळं सांभाळेल. आता पुण्याला बसून माझ्या चिठ्ठ्या आपल्या नावावर खपवते, आणि लोक म्हणतात वा, काय हुशार मुलगी! खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणजे दुसरं काय असतं? पण चिठ्ठ्यांचं जाऊ दे. चिठ्ठ्या घेतल्या, घेतल्या. तो दहावा नंबर वाच. नाही — तू नको वाचूस, मला पाठ आहे. 'मागच्या दाराची कडी. हे पुस्तक तुम्हाला मिळणार नाही. ग्वाल्हेरच्या एका वाचनालयात त्याची एकच प्रत होती, ती तेवीस वर्षांपासून एकशे चौदा नंबरच्या कार्डावर बाहेर आहे. ज्याचं ते कार्ड आहे तो माणूस कधीच परत आला नाही. पण तिथल्या बाई त्याचं नाव अजून कापत नाहीत. विचारून बघा.' विचारून बघा! आणि लोक येतात गं विचारायला. परवा एक मुलगा म्हणतो, आंटी, वो भूतवाला कार्ड दिखाइए ना. फोटो काढायचा होता त्याला.

पिशवी काय सारखी उघडतेस? थांब, बोलू दे मला. आता निघालंच आहे तर पुरतं ऐक, त्या यादीत अर्धंच आहे.

एकशे चौदा म्हणजे अंबरीश, माझा भाऊ. माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा. आम्हां दोघांना ह्या पुस्तकांचं भारी वेड — पण भित्रे दोघंही! म्हणून लहानपणापासून आमचा एक नियम होता. पुस्तक ज्यानं त्यानं आपापलं वाचायचं, पण शेवटचं प्रकरण दोघांनी. गच्चीवर, उन्हात, पाठीला पाठ लावून, एकानं मोठ्यानं वाचायचं. कोणी चोरून पुढे वाचू नये म्हणून मी शेवटच्या पानांना टाचणी लावून ठेवायची. मोठे झालो तरी तेच. मी एकतीस वर्षांची घोडी, तो सत्तावीसचा, तरी टाचणी. आई म्हणायची, ह्या दोघांना अक्कल केव्हा येणार?

तर दोन हजार तीन, जानेवारीची सात तारीख. त्याला पुण्याला नोकरीसाठी मुलाखतीला जायचं होतं. आठ दिवसांत येतो म्हणाला. गाडीत वाचायला मी हे पुस्तक त्याच्या कार्डावर चढवलं, शेवटच्या प्रकरणाला टाचणी लावली, आणि चिठ्ठी लिहिली — 'अंबरीश, टाचणीपर्यंत गाडीत. पुढचं घरी आल्यावर.' स्टेशनवर मीच सोडलं त्याला. असा कोहरा, की समोरचा माणूस दिसेना, गाडी पाच तास लेट. तासभर बसले. मग तोच म्हणाला, ताई, तू जा, आई घरी एकटी आहे, गारठशील. गेले मी. म्हणजे गाडीत चढताना मी त्याला बघितलं नाही. ही गोष्ट मी — जाऊ दे.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. पुण्याच्या ऑफिसात विचारलं, म्हणाले, ह्या नावाचं कोणी आलंच नाही. पोलिसांत दिलं, पेपरात दिलं, काही नाही. माझं इंदूरला ठरत आलं होतं तेव्हा, चांगली माणसं होती. मी म्हटलं, भाऊ येऊ दे, मग. एक वर्ष थांबले बिचारे. लोक काय काय म्हणायचे — घातपात झाला, वैतागून निघून गेला, साधू झाला. मी सगळ्यांना एकच सांगायची, अहो, तो पुस्तक घेऊन गेलाय! ज्याला परत यायचं नाही तो वाचनालयाचं पुस्तक कशाला नेईल? तू सांग, नेईल का? आणि इथला नियम आहे, माझा नव्हे, जुना, छापील — ज्याच्या नावावर पुस्तक बाहेर आहे, त्याचं नाव सभासदांतून कमी करता येत नाही. बस, मी तो नियम धरून बसले. आई शेवटच्या दुखण्यात म्हणाली, शालू, पितृपक्षात त्याचं पान वाढ गं, तो उपाशी असेल. मी म्हटलं, नाही वाढणार, पुस्तक बाहेर आहे त्याच्या नावावर. तेवढंच एक मागितलं होतं तिनं माझ्याकडे, आणि मी नाही म्हटलं. गेली ती तशीच. माझ्याशी न बोलता गेली.

आई गेली त्या दिवशी हे सगळं मी राजलक्ष्मीला सांगितलं. तिलाच फक्त. मांडीवर डोकं ठेवून रडले मी तिच्या — माझ्या निम्म्या वयाच्या पोरीच्या. आणि तिनं त्याचा दहावा नंबर केला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. फोन लावला तर म्हणते, ताई, तुमचं नाव कुठे घातलंय मी? वातावरणासाठी होतं ते, लोकांना आवडलं. वातावरण! माझा भाऊ म्हणजे वातावरण!

अगं काय आहे तुझं मघापासून? काढ बाई, काय काढायचं ते काढ एकदा.

... हे कुठे मिळालं तुला?

मतलब, कुठे? हजीऱ्याला? रद्दीवाल्याकडे, ढिगात? यादी वाचली म्हणून शोधत होतीस — हां, सगळेच शोधतायत — आण इकडे. कव्हर गेलंय. शिक्का आपलाच आहे. एकशे चौदा, सात जानेवारी. हा आकडा मी टाकलाय. आणि ही चिठ्ठी... 'टाचणीपर्यंत गाडीत.' हां. हेच आहे, हेच. म्हणजे गाडीत चोरीला गेली असेल बॅग. किंवा स्टेशनवरच, कोहरा होता ना, कोणी उचलली असेल आणि — तसं असेल तर — थांब, पहिल्या पानावर काय आहे हे? माझ्या चष्म्यावर काही बसलंय, तू वाच. नको, नको, दे.

'मधुवंतीस, आपल्या घरातलं पहिलं पुस्तक. अंबरीश. नऊ जानेवारी, दोन हजार तीन.'

नाही, अक्षर त्याचंच. बघ, अनुस्वार पोकळ काढलाय, शून्यासारखा. मीच तसा शिकवला त्याला, पाटीवर हात धरून. नऊ तारीख. सातला तो गेला आणि नऊला... आपल्या घरातलं. कोण ही मधुवंती? मी नाव नाही ऐकलं कधी. मला सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं तिला? आईला मी समजावलं असतं, सगळं मीच समजावायची आईला. वाचनालयाचं पुस्तक आहे रे हे! हे कोणी भेट देतं का कोणाला, शिक्का असलेलं, बहिणीची चिठ्ठी असलेलं? ती चिठ्ठी तरी फाडायची!

थांब. शेवटचं प्रकरण बघू दे. हे... इथून. ही दोन भोकं दिसतात? गंजाचे डाग आहेत भोवती, म्हणजे टाचणी राहिली होती बरेच दिवस, गंज चढेपर्यंत. मग काढली. काढली त्यानं. आणि पानं बघ, मळलीत कडेला, दोन्ही कडांना, दोघांनी आळीपाळीनं वाचलं की मळतात तशी. कोणाच्या तरी पाठीला पाठ लावून बसला असेल. इथेच, हजीऱ्याला, किल्ल्याच्या पलीकडे. पायी गेलं तर तासभर लागत नाही इथून. मी तेवीस वर्षं दर गाडीला जीव धरून बसले, आणि तो...

रद्दीवाला काय म्हणाला? कोणत्या घरातून आली म्हणाला ही रद्दी? घर रिकामं केलं, की कोणी गेलं म्हणून — नको. नको सांगू. गप्प बैस. मला नाही ऐकायचं. राजलक्ष्मीला बोलत होते मी मघाशी, काय काय बोलले. तिनं बिचारीनं नुसतं लिहिलं. जे होतं ते लिहिलं.

ते खालचं खोकं सरकव इकडे, कार्डांचं. एकशे बारा, एकशे तेरा — हे. बघ, नव्यासारखंच आहे अजून, कोपरासुद्धा वाकला नाही, दर दिवाळीला पुसते मी. शिक्का दे. आजची तारीख. पुस्तक जमा. हं. झालं. आता काही बाहेर नाही त्याच्या नावावर. येत्या पितृपक्षात आईचं पान वाढताना सांगीन तिला, तुझं ऐकायला हवं होतं. त्याचं पान मात्र वाढायचं की नाही, ते मला अजूनही माहीत नाही. काय नशीब बघ!

रडू नकोस गं, तू कशाला रडतेस? तू पुस्तक परत आणलंस, चांगलं केलंस, वाचणारी मुलगी असं करतेच. पेन्सिल कुठे गेली माझी... ही जुनी चिठ्ठी निघत नाही, घट्ट बसलीय. राहू दे, हिच्याच खाली लिहिते. दोन ओळी पुरेत.

हं. घे, हे डाक बंगल्याचं ने तू, आणि हे टेलिफोनचं. पंधरा दिवसांनी आणून दे. नाही — ते नाही. त्याला हात लावू नकोस. मागू नकोस माझ्याकडे, मी देणार नाही, चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाच हवं तर. वाचलंस? मग? तुला धाकटा भाऊ आहे ना, मघाशी म्हणालीस. जा आता. ऊन गेलं, मला खिडकी लावायची आहे.