गव्हाच्या डब्यातली अंडी

"हॅलो?… कोन?… ईनबाई? बोला ना कोकिळाबाई, बोला… अवं हळू बोला, कान फाटते माझा…"

लालीबाईनं फोन कानापासून वीतभर लांब धरला. लेकीची सासू फुलसावंगीकडच्या तांड्यातून ओरडत होती, आणि तो आवाज इकडे घाटंजीकडच्या तांड्यात अंगणभर होत होता.

"हो… हो, गव्हाचा डबा मीच पाठवलता, आमच्या देवसिंगच्या हाती. मंग?… काय निघालं?… भोगाच्या गव्हात?"

पंधरा दिवसांपूर्वी अठरा अंडी पुरली होती लालीबाईनं त्या गव्हात. धान्यात अंडी फुटत नाहीत, आणि तांड्यात रोजची भाकर ज्वारीची. गव्हाच्या डब्याला सणाशिवाय हात कोण लावतो, असा तिचा हिशेब. कोकिळाबाईनं नेमका सेवालाल महाराजांच्या भोगासाठी, लापशीचं दळण काढायला डबा उघडला. तोही बायाबापड्यांसमोर, सुपात ओतून. झाली ना फजिती!

"गहू फेकला? सगळा?… अन्न फेकता अन् मले धरम शिकवता?… नाई, तुमी ऐका… मी म्हनते ऐका! तुमच्या घरी माळ आहे, म्हाईत आहे मले… हो, राजकुमारची दारू माळेनंच सुटली, कोन नाई म्हनते? मी सोता नारळ फोडलता. पन माळ जवायाच्या गळ्यात आहे, ते माझ्या पोरीच्या पोटाले काहून बांधता?"

"अंड्यानं घर बाटते?… अन् सातव्या महिन्यात पोरीचं रक्त सातवर आलं, पुसदची डॉक्टरीनबाई अंडी खाऊ घाला म्हने, तं त्यानं काई नाई बाटत?… पालक देता? अवं पालक तं बकरीबी खाते… दूध? कोनतं दूध? तुमच्या म्हशीचं दूध तं सक्काळीच डेअरीवर जाते. संगीताच्या वाट्याले दुधाचं गंज इसळलेलं पानी!… मी खोटं बोलते? मी?"

"अन् वरून कापूस वेचाले नेता तिले, अशा दिवसाची… नेत नाई? मंग काय उडत जाते?… भाव नाई, मजूर परवडत नाई, म्हाईत आहे मले. आमच्याबी वावरात कापूसच आहे, आमी काय सोनं पेरलं?… काय म्हनता? सोताच जाते?… सगळ्याइच्या आधी, चहाचं गंज घेऊन… एकलीच… हो का! मोठी हौस चढली वाटते कामाची."

"इचारलं तिले?… काय म्हने संगीता?… 'मी अंड्याले शिवत नाई'… हो. म्हनली असंन."

हे मात्र लालीबाईला फार लागलं, कारण ते खरं वाटलं. राखीला माहेरी आली तेव्हा तिच्यापुढं अंड्याची पोळी ठेवली, तर पोरगी ताट सरकवून हमसून रडली होती. "याडी, माय वं, ह्याइची दारू माळेनं सुटली. मी अंडं खाल्लं अन् हे पुन्हा प्याले लागले तं?" तिच्या ह्या भीतीपुढं आईचं काही चाललं नव्हतं. डबा पाठवला, त्यात काय आहे ते पोरीला गुपचूप कळवलंही, पण पोर खाईल याचा भरवसा लालीबाईला नव्हताच.

"लाज? मले लाज नाई?… ईनबाई, बाळंतपनात माझ्या पोरीले काई झालं ना, तं तुमच्या उंबऱ्यावर येऊन बसन मी… धमकीच समजा!… घेऊन जाऊ? पाठवा ना! उद्याच पाठवा!… राजकुमार सोडत नाई? मंग कायले तोंड वाजवता?"

"अन् अंडी काय केली?… उकिरड्यावर! वा वा! गावरान कोंबडीची अंडी उकिरड्यावर! फेकली सगळी?… काय?… दोन?"

ती उठून उभी राहिली.

"अन् बाकी?… नाई, म्हनजे… डबा पुरा रिकामा केला?… बुडापर्यंत?… अन् दोनच निघाली."

लालीबाईला एकदम ते चहाचं गंज, ते पातेलं, दिसलं. वावरातली तीन दगडांची चूल, उकळतं पाणी, आणि कोणी यायच्या आत कापसाच्या पराट्यांच्या आड बसून देवाला भीत भीत अंडं सोलणारी आपली पोर. खाल्ली गं बाई, खाल्ली! लालीबाईचे डोळे भरून आले. इतका वेळचा राग कुठं गेला कोण जाणे.

"हो, आहे ना, ऐकून राह्यली… बाकी कायची, ईनबाई? माझ्या तोंडून निंघून गेलं. दोनच होती… आवाज? पडसं झालं मले… नाई, संगीताले यातलं काई म्हाईत नाई, तिले बोलू नका. माझीच अक्कल मातीत गेली… हो, चुकलं… हो, सगळ्या तांड्यासमोर मान खाली गेली तुमची, माझ्यापाई… पाया पडते… आता आनिक काय?… आन घेऊ?"

सेवाभायाची आन मागत होती कोकिळाबाई. सेवालाल महाराजांची तसबीर समोरच्या भिंतीवर होती. उभ्या जन्मात लालीबाईनं त्यांच्या नावानं खोटी शपथ घेतली नव्हती.

"…सेवाभायाची आन, ईनबाई. दोनच होती… हो. ठेवा."

तिचा नवरा पूनमसिंग खाटेवरून म्हणाला, "काय झालं वं?"

"काई नाई. देवसिंगले सांगा, फुलसावंगीले जा लागते. ह्या खेपेले तुरीचा डबा देते."

मग तिनं तसबिरीपुढं दोन्ही कान पकडले.

"पाप मले लाव, सेवाभाया," ती म्हणाली. "जवायाची माळ सांभाळ. अन् खाल्लेलं तेवढं पोरीच्या अंगी लागू दे."