इब्रामपूरच्या तिठ्यावर हात केलेला माणूस

जमलेल्या सगळ्या मंडळींनो,

देवळाच्या मंडपात आज बसायला जागा नाही. बाबांच्या शोकसभेला एवढी माणसं आली. मी वासुदेव गावसांची मुलगी. डिचोलीला असते. मला भाषण करता येत नाही. पण माझ्याआधी जे बोलले ते ऐकून गप्प बसवतही नाही.

सगळे म्हणाले, वासूबाब म्हणजे माणसं जोडणारा माणूस. खरं आहे. बाबांनी गाडी कधी घेतली नाही. शाळेत शिपाई होते तेव्हाही नाही, निवृत्त झाल्यावर नातीला बघायला माझ्याकडे यायचे तेव्हाही नाही. बस चुकली की तिठ्यावर उभं राहायचं आणि हात करायचा. कोणी वाटेतल्या हळर्णपर्यंतच जाणारा असला तरी चढायचे. म्हणायचे, फुडला फुडे बघूया.

आणि घरी आले की गोष्टी!

"अगो चेडवा, आज सुर्ल्याचो एक ट्रकवालो गावलो. स्कूटरीर होतो. खाण बंद, ट्रक दारात उभो. पण रोज सकाळी उठून चालू करता. म्हणता, तो आवाज आयकल्याशिवाय चाय गोड लागना."

एकदा एक बाई रस्ताभर रडत रडत काहीतरी सांगत होती. मी विचारलं, काय सांगितलं? बाबा म्हणाले, "तां तिचां. तुका कित्याक?" शेवटपर्यंत सांगितलं नाही.

नाव, जात, पगार कधी कोणाला विचारला नाही. गाव विचारायचे आणि घरात कोण कोण आहे ते विचारायचे. उतरताना म्हणायचे, "देव बरें करूं." झालं.

मंडळी, आता तुम्ही त्यांना काय म्हणत होता तेही बोलूया ना. रेडिओ म्हणत होता, गाडीत बसले की बोलणं थांबायचं नाही म्हणून. "रेडिओ उभो आसा, गाडी बेगीन काढ." मी ऐकलंय. बाबांनीही ऐकलंय. हसून मला सांगायचे. मला हसू यायचं नाही.

आपल्याकडे गाडीवाल्यांची एक खूण आहे. लिफ्ट द्यायची नसली की हँडल न सोडता बोटानं दाखवायचं, मी इथंच वळतो. वळायचं कुठंच नसतं. समोरच्यालाही ते माहीत असतं. तोही मान हलवतो. कोणाचं मन दुखत नाही. किती सभ्य माणसं आहोत आपण!

त्या सकाळी बाबांच्या छातीत कळ आली, तेव्हा ते तिठ्यावर होते. एका हातानं विजेचा खांब धरला होता. दुसरा हात रस्त्याकडे केला होता.

हे मला कोणी सांगितलं? तुम्हीच. दहाव्यापर्यंत घरी येऊन येऊन तुम्हीच सांगितलंत. एक म्हणाला, दिसले गो, पण मला ऑफिसात उशीर होत होता. दुसरा म्हणाला, वाटलं, नेहमीसारखे डिचोलीला निघाले असतील. एकानं तर इथंच वळतो अशी खूण केली होती. तो माझ्यासमोर बसून म्हणाला, "एरवी हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत, एवढं मात्र लक्षात आलं होतं."

लक्षात आलं होतं! आणि गाडी पुढे गेली.

मग एक पिकअप थांबली. सेंटरिंगच्या फळ्या घेऊन निघाली होती. चालवत होता भीमाप्पा, बेळगावकडचा. बांधकामावर आहे. तो बाबांना ओळखत नव्हता. रेडिओ म्हणतात हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला एक म्हातारा खांब धरून उभा दिसला, म्हणून थांबला. ज्यांना बाबा ठाऊक होते, ते सगळे निघून गेले. हे मी कसं गिळू?

गाडीत बसल्यावर बाबांनी त्याला विचारलं, "गाव खंयचो?" त्या स्थितीत! भीमाप्पानं गाव सांगितला. घरात कोण, विचारलं. तो आईबद्दल बोलत राहिला, जोरजोरानं, बाबांनी डोळे मिटू नयेत म्हणून. आणि वाटेतच बाबा त्याला म्हणाले, "देव बरें करूं." उतरायच्या आधीच.

डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

तेव्हा वेळ भरली होती, देवाची इच्छा, असलं मला कोणी सांगू नका. देवाला यात ओढू नका. थोडा वेळ हवा होता. तो तुमच्याकडे होता. मला राग आहे. तो लवकर जाणार नाही, आणि घालवायची मला घाईही नाही.

आता फोटोला फुलं वाहायची आहेत. पहिलं फूल पंचांनी वाहायचं, मग देवस्थानच्या अध्यक्षांनी, असं ठरलंय. तसं होणार नाही. भीमाप्पा मागे, चपलांच्या जवळ उभा आहे. त्याला कोणी बस म्हटलं नाही. भीमाप्पा, पुढे ये. पहिलं फूल तू वाहा.

त्याच्यामागून ज्यांना त्या सकाळी बाबा दिसले नव्हते, त्यांनी यावं. ज्यांना दिसले होते, त्यांनी जागेवरच बसून राहावं. मी नाव विचारणार नाही. कोण उठतं आणि कोण बसून राहतं, तेही बघणार नाही. मी डोळे मिटून घेते.

आता कोणी बोलू नका.