अँब्रोझचं ताट

सप्टेंबर संपत आला होता. कॉलेजच्या जागी पूर्वी आदिवासी मुलांची निवासी शाळा होती; त्या मुलांच्या आठवणीत ठेवलेला सलोखा दिनाचा कार्यक्रम उरकला होता आणि बसथांब्याच्या रांगेत माझ्यापुढे कॅनडातल्या क्री आदिवासी जमातीची एक म्हातारी आणि आमच्याच कॉलेजात शिकणारी तिची नात टॅनिस उभ्या होत्या.

"झाडाखालचं ताट सफाईवाल्यानं कचऱ्यात टाकलं, आजी. त्याला वाटलं, कुणाचं तरी उष्टं आहे."

"त्याचा काय दोष? आपल्यात मेलेल्यांना आधी वाढतात, हे त्याला कोण सांगणार?"

"मी कमिटीला सांगितलं होतं. दोनदा."

"प्राचार्यबाई तर केवढं गोड बोलल्या! ही जमीन तुमची, म्हणाल्या. जमीन आपली, आणि एका ताटापुरती जागा नाही होय गं?"

"माफी मागितली त्यांनी. पुढच्या वर्षी तिथे पाटी लावणार आहेत."

"लावू देत. अँब्रोझला वाचता कुठे येत होतं! सहा वर्षांचं पोर. सरकारनं घरातून उचलून इथल्या शाळेत आणलं आणि वर्षात गेलं. कुठे पुरलं, तेही कळवलं नाही."

"तुला आणायलाच नको होतं मी."

"असं म्हणू नकोस. इतकी वर्षं घरच्या अंगणात वाढत होते त्याला. शाळा होती तिथेच वाढू या, म्हणजे त्याला सापडेल, हे तुझंच म्हणणं. पटलं मला."

"मूस हरणाचा रस्सा संपला. तुला वाटेत खायला ठेवलेला हा बॅनॉक पाव तेवढा राहिलाय."

"आण इकडे."

"आजी, बस आली. पुढची तासाभरानं आहे."

"जाऊ दे. माझा भाऊ आत उपाशी बसलाय."