कलम सात : चंदन

—नाही नाही, ती खुर्ची नको, तिचा पाय गेलाय, या बाकावर बसा — आणि मराठीतच बोला साहेब, तेवढंच कानाला बरं वाटतं. उंबऱ्याबाहेर आमचं सगळं तमिळ. हसू येतंय ना माझ्या बोलीचं? येऊ द्या. तीनशे वर्षं झाली आमची माणसं या कुंभकोणात येऊन, भाषा तेव्हाचीच राहिली, सुटे भाग मिळत नाहीत तिला. तो? तो रामलिंग. हो, ज्याच्या पॉवर टिलरची वॉरंटी नाकारायचा फॉर्म घेऊन तुम्ही पुण्याहून आलात तोच, पट्टीश्वरमचा, हाताला प्लास्टरवाला. बसू दे त्याला. मराठीचं अक्षर कळत नाही, बिनधास्त बोला.

तर सही. करतो की — सहीला कितीसा वेळ! — पण आधी हे बघा, त्याच्या गिअरबॉक्सचं हाउसिंग, अठरा दिवसांत फुटलेलं. बोट घाला इथे. घाला हो, चावत नाही. लागली भोकं? याला ओतकाम म्हणायचं? आमच्या नाच्चियारकोविलच्या समया ओतणाऱ्याने असा माल दिला तर गिऱ्हाईक तीच समई त्याच्या डोक्यात घालेल! आणि हे कोपऱ्यातलं, ब्याण्णव सालचं, तुमच्याच कंपनीचं, मीच विकलेलं — उचला. नाही उचलत ना? नाहीच उचलणार. तेव्हापासून कंपनीने काय केलं सांगू? दर वर्षी लोखंड काढलं आणि स्टिकर लावला. आधी नुसतं नाव होतं, मग ‘प्लस’ झालं, मग ‘गोल्ड’, मग ‘गोल्ड प्लस’ — यंदा तर वाघ आलाय — आणि भिंत बारा मिलिमीटरची सहावर आली. बोल्ट दुसऱ्यांदा आवळला की आटे गेलेच. पूर्वी गाडीबरोबर पाने-पक्कड द्यायचे, आता टोपी देतात. रंगाला मात्र नाव ठेवणार नाही, रंग फर्स्टक्लास — आतलं सगळं फुटलं तरी वरच्या रंगाला ओरखडा नाही. फोटो त्यामुळे फार छान येतात.

काय म्हणालात — कलम सात? वाचलं हो. ‘ग्राहकाने यंत्रास चंदन, कुंकू इत्यादी लावल्याने हवेचे छिद्र बुजून’ — सहा भाषांत छापलंय, वा! एक गंमत सांगू? कुणाला बोलू नका. ते कलम माझं आहे. हो, माझं, या सुंदररावाचं! चौदा वर्षांमागे तुमचे एक मोठे साहेब याच बाकावर घाम पुसत बसले होते — एका महिन्यात पाच गाड्या फुटलेल्या, पाचही वॉरंटीतल्या. मला दया आली. म्हटलं, साहेब, आमच्याकडे नवी गाडी घरी आली की चंदन थापल्याशिवाय चाक फिरत नाही. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला एक बारीक भोक असतं, ते चंदनाने बुजलं म्हणा, आत दाब वाढला म्हणा, हाउसिंग फुटलं म्हणा — देवाला साक्षीला कोण बोलावतंय? मला मिठी मारायचीच काय ती बाकी राहिली! त्या वर्षी ही ट्रॉफी मिळाली, उत्तम विक्रेता, दक्षिण विभाग. कान तुटलाय तिचा — दिली तेव्हाच तुटलेला होता. अहो, ते भोक बुजवायचं तर काडीने चंदन ठासून भरावं लागेल, हे मला ठाऊक, तुम्हाला ठाऊक. पण किती सह्या केल्या असतील मी? चाळीस? जास्तच. एकही माणूस भांडला नाही. कंपनीवर संशय घेतला असता, माझ्यावर घेतला असता — पण चंदन तर त्याने लावलेलं असतंच ना, मग मान खाली घालून निघून जातो.

आता याचंच बघा. चंदन लावलं याच्या बायकोने, सुंदरीने. हौसेने, चाकांना, हॅन्डलला, सगळीकडे. शेतात हाउसिंग फुटलं, हॅन्डल उसळलं, याचं मनगट मोडलं — आणि इथे, या टेबलापाशी, मीच त्याला सांगितलं, चंदनामुळे झालं रे. जेवलास का विचारावं तितक्या सहज सांगितलं, सवयच पडलेली. तेव्हापासून ती बाई दर मंगळवारी दुर्गेपुढे लिंबाच्या सालीत दिवे लावून माफी मागतेय. माझ्या हातांनी नवऱ्याचा हात मोडला म्हणते. सहाण-खोड उचलून माळ्यावर टाकलंय, देवालासुद्धा गंध नाही आता त्या घरात. आणि हा शहाणा मला येऊन सांगतो, अण्णा, चूक आमचीच, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मला सांगतो! मला!

नाही हो, डोळ्यांना काही नाही, ग्राइंडरची धूळ आहे. सही करतोय की. एजन्सीच्या नव्या कराराचा कागदही तुम्ही आणलाय, पिशवीतून निळा कोपरा दिसतोय मला. फॉर्मवर सही झाली तर तो बाहेर निघणार, नाही तर तसाच पुण्याला परत — कळतं, न सांगता कळतं. चौसष्टाव्या वर्षी मला दुसरी एजन्सी कोण देतंय? द्या पेन इकडे. अय्यो, थांबा, हा काहीतरी विचारतोय. काय रे रामलिंगा? — विचारतोय, साहेब काय म्हणाले, घरी सुंदरीला काय सांगू? सांगा की साहेब. तुम्ही बोला, मी तमिळ करून सांगतो. बोला ना. फॉर्म काय चाळताय?

बरं. मीच सांगतो त्याला.

—सांगितलं. चंदनाचं, भोकाचं, माझं, सगळं. तुम्हाला कळलं नसेल, पण काही सोडलं नाही. तो काय म्हणाला? ओरडला नाही, शिवी नाही — दिली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, मला नका सांगू, घरी येऊन तिला सांगा. बाहेर जाऊन उभा राहिलाय बघा, उन्हात, माझी वाट बघत. अण्णा म्हणाला नाही.

फॉर्म घेऊन जा तुमचा. निळा कागदही. फक्त एक करा, पुण्याला गेलात की माझ्या सह्यांचे जुने फॉर्म असतील कपाटात, त्यांच्यावरचे पत्ते तेवढे पाठवून द्या. उठा साहेब, मला शटर ओढायचंय.