मदरशाचा पाव

मोरोक्कोतल्या फेस शहरातल्या जुन्या गल्लीत, सगळ्या घरांचे पाव भाजणाऱ्या भट्टीपुढे, मोहा विणकर रांगेत उभा होता; हातात कच्च्या पावांची फळी, आणि ओळखू यावेत म्हणून पावांवर आपल्या घरची खूण उठवलेली. पुढच्या दोघी म्हाताऱ्यांचं बोलणं कानावर पडतच होतं.

"अगं बतूल, आज एक पाव जास्त दिसतोय."

"मदरशाचा आहे."

"आता कुठला मदरशाचा पाव? आपण लहान होतो तेव्हा होते तिथे विद्यार्थी. नंतर सातशे वर्षांच्या त्या भिंतींत नुसती कबुतरं नांदली."

"कबुतरं गेली, झोहरा. छत झालं, देवदाराची नक्षी पुन्हा बसली. आजपासून वर्ग भरतोय."

"भरू दे. पण पावावर तुझ्या घराची खूण कशाला? मदरशाच्या पावावर खूण नसते. कुणाच्या घरचं खाल्लं ते पोराला कळू नये म्हणून. तुझ्या आजीनंच मला दटावलं होतं त्यावरून."

"आठवतंय. जन्मभर पाव दिला तिनं, तोही उंबऱ्याबाहेरून. तेव्हा बाईमाणसाला आत कोण घेत होतं?"

"मग तिचीच रीत मोडतेस?"

"मोडत कुठे? ते दान होतं."

"आणि हे काय आहे?"

"हा माझ्या नातीचा डबा. तिथला आजचा पहिला धडा आमची हिबा शिकवणार आहे."

झोहरानं आपली फळी मागे घेतली.

"तू हो पुढे. आणि ती खूण आणखी जरा खोल दाब. भाजल्यावर पुसट होते."